एडिटर, पॅटर्न आणि आमच्या अक्का

आमच्या ऑफिसात काही घडत नाही, असं मी घरी इतकी वर्षं सांगत आलोय की आता बायको विचारतच नाही! जळगावात दुसऱ्या मजल्यावर एक खोली, चार कॉम्प्युटर आणि लोकांच्या याद्या. संस्थांच्या, शाळांच्या, सभासदांच्या. त्या टाइप करायच्या, साफ करायच्या, छापायला द्यायच्या. डोळे दुखतात, मान आखडते, संध्याकाळ होते. पण चार जुनी माणसं चहाला बसली, की एकेक आठवायला लागतं.

*

पहिलं भांडण एडिटरवरून. साहेब म्हणाले, "प्रत्येक जण वेगळ्या प्रोग्राममध्ये काम करतो. फायली बिघडतात. सगळ्यांनी टाइप करायला एकच एडिटर ठरवा."

झालं! रावेरहून येणारा नीलेश आमच्यातला एकटा इंजिनिअर. त्याने आठ एडिटरांचा तक्ता केला. मी माझा जुना सोडायला तयार नव्हतो. आठवडाभर काम बाजूला आणि वाद सुरू. शेवटी साहेब वैतागले.

"यातला फुकट कोणता?"

"सगळेच, साहेब."

"मग भांडता कशाला?"

निर्णय सुनंदाअक्कांनी केला. पन्नाशी ओलांडलेल्या, आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांनी आठही एडिटर उघडून पाहिले आणि एकावर बोट ठेवलं. "हा घ्या. यात अक्षर एवढं मोठं होतं, की चष्मा लागत नाही."

आजही तोच चालू आहे.

*

मग रेग्युलर एक्स्प्रेशन आले. म्हणजे नुसता शब्द शोधायचा नाही, शब्दाचा साचा शोधायचा. आम्ही त्याला पॅटर्न म्हणतो. नीलेशने अर्धा तास शिकवलं आणि साहेबांना वाटलं, आता सगळं एका बटणात होणार!

एका यादीत प्रत्येक नावाआधी 'श्री' आणि टिंब होतं. टिंबं काढायची होती. मी टिंब शोध म्हटलं, त्याजागी काही नको म्हटलं, बटण दाबलं, फाइल सेव्ह केली, बंद केली आणि जेवायला गेलो.

परत आलो तर चार हजार ओळी कोऱ्या! पॅटर्नमध्ये टिंब म्हणजे टिंब नसतंच, कुठलंही अक्षर असतं. खरं टिंब हवं तर आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

साहेब दारातून म्हणाले, "टिंबं गेली का?"

"गेली, साहेब," मी म्हणालो. "श्रींना घेऊन गेली!"

पुढचे नऊ दिवस मी ती यादी परत टाइप करत होतो.

*

एका संस्थेच्या सभासदांची पुस्तिका होती. पत्ते जुने, सगळीकडे एदलाबाद. संस्थेने सांगितलं, मुक्ताईनगर करा. केलं. पुस्तिका छापून वाटायलाही सुरुवात झाली.

तिसऱ्या दिवशी जिना चढून एक वयस्कर गृहस्थ आले. धाप लागलेली. पुस्तिका माझ्यापुढे उघडून ठेवली आणि स्वतःच्या नावावर बोट टेकवलं. आडनाव छापलं होतं 'मुक्ताईनगरकर'!

मी खुर्ची पुढे केली.

"गावाचं नाव बदललं, ते मान्य," एदलाबादकर आबा म्हणाले. "माझ्या बापाचं कधी बदललं?"

शब्द तिथेच संपतो का, हे पॅटर्नला बघायला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. उरलेल्या तीनशे प्रतींवर हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या. आबा चहा घेऊन, दोन चिठ्ठ्या स्वतः चिकटवून गेले.

*

अक्का पॅटर्न शिकायला सगळ्यात शेवटी बसल्या, पण बसल्या त्या बसल्याच. वहीत लिहून घ्यायच्या. एकदा एका ओळीत तीन नावं होती, प्रत्येकापुढे कंसात काहीतरी. त्यांनी कंस आणि कंसातलं काढायला सांगितलं, तर पहिलं नाव राहिलं आणि पुढची दोन्ही गायब.

"भाऊ, यानं कंसांबरोबर मधली माणसंही नेली की!"

"तो पॅटर्न हावरट असतो, अक्का," मी म्हणालो. "पहिल्या कंसापासून पार शेवटच्या कंसापर्यंत खातो. मध्ये प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे लवकर थांबेल."

अक्कांनी टाकलं. थांबला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"प्रश्न विचारला की हाव कमी होते? कमाल आहे. माणसांवर चालत नाही हे!"

*

गेल्या वर्षी धुळ्याहून, देवपुरातल्या एका जुन्या शाळेचं काम आलं. माजी विद्यार्थिनींची यादी, स्मरणिकेसाठी. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शेरा. साहेबांनी बजावलं, "वडिलांचं नाव रिकामं असेल ती ओळ अपूर्ण धरायची. काढून टाका. पॅटर्नने दोन मिनिटांचं काम आहे."

काम अक्कांकडे होतं. त्यांनी रिकामी जागा शोधायचा पॅटर्न लिहिला. दोनशेच्या वर ओळी पिवळ्या झाल्या. अक्कांचा हात माउसवर तसाच राहिला. मी मागून वाकून पाहिलं. पिवळ्या ओळींच्या शेऱ्यात सगळीकडे आईचं नाव होतं. मधली एक ओळ होती : सुनंदा, मग कोरी जागा, बोरसे. शेरा – पालक आई, यमुनाबाई.

बोरसे हे अक्कांच्या माहेरचं आडनाव, आणि माहेर धुळ्याचं.

"अक्का..."

"भाऊ, शेऱ्यातलं आईचं नाव उचलून रिकाम्या जागेत ठेवायचं, तर कसं लिहायचं?"

मी सांगितलं. उचलायचं ते कंसात घ्यायचं, ठेवायचं तिथे त्या कंसाचा नंबर द्यायचा. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा अक्कांनी बटण दाबलं. मग त्या रकान्यावरचा मथळा पुसून 'आई किंवा वडिलांचे नाव' असा टाइप केला.

संध्याकाळी साहेब आले. "अपूर्ण ओळी काढल्या?"

"तुम्हीच शोधा, साहेब."

साहेबांनी शोध चालवला. स्क्रीनवर शून्य आलं. त्यांनी परत चालवला. परत शून्य.

एरवी ऑफिसात शुद्ध बोलणाऱ्या अक्का पर्स उचलत अहिराणीत म्हणाल्या, "एक बी वळ रिकामी नही शे, साहेब."