पोटाला कान लावणारे मामा

आमचे बावड्याचे मामा कुणालाही 'बरा आहेस का?' असं विचारत नसत. सरळ पोटाकडं बघून म्हणत, "साफ होतंय न्हवं?" माझ्या लग्नात, भर पंगतीत, त्यांनी माझ्या सासऱ्यांनाच हे विचारलं. माझी आई पदरात तोंड लपवून आत पळाली.

मामांचा म्हशींचा गोठा होता. एखादी म्हैस रवंथ करेनाशी झाली की मामा तिच्या कुशीला कान लावून उभे राहत. आतली गुडगुड ऐकू आली की गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडत, "चालू झाली गाडी!" माणसाचं पोट काही निराळं असतं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

माझी गौरी सहा वर्षांची असताना तिचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, पण आतडी सुस्तच राहिली. डॉक्टर म्हणाले, गॅस पास होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, थोडं थोडं चालवत राहा. पोरगी पाण्यासाठी रडायची आणि मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत बसायची. भेटायला येणारा प्रत्येक जण नवीन उपाय सांगे. जाऊबाई म्हणत ओव्याचं पाणी दे, शेजारच्या काकू म्हणत ताकाची निवळी दे. माझं डोकं पार कामातून गेलं होतं. खरं कुणाचं मानायचं?

मामा रोज डब्यातून अळणी आणायचे. अळणी म्हणजे मटण शिजवून मसाला पडायच्या आधी बाजूला काढलेलं पाणी. आमच्याकडं आजाऱ्याला, पोराबाळांना तेच पाजतात. मी डबा तसाच परत पाठवायची. "डॉक्टर नको म्हणतात, मामा."

"आगं, पोटात काय घातल्याशिवाय ते चालू हुनार कसं?"

मला डॉक्टरांचंही पटायचं आणि मामांचंही पटायचं. नुसता गोंधळ.

एक दिवस मी औषधं आणायला खाली गेले. परत आले तर मामा गौरीच्या पोटाला कान लावून वाकलेले, आणि चेहरा असा खुललेला! "चालू झाली गाडी! दोन घोट पाजलं बघ." गौरी ओठ चाटत हसत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसत होती. रागवू की देवाला हात जोडू, मला कळेना.

संध्याकाळी तिचं पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली आणि ऑपरेशननंतर घातलेली आणि नुकतीच काढलेली नाकातली नळी पुन्हा घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, पोटात आवाज येणं वेगळं आणि वाट मोकळी होणं वेगळं. नळी घालताना गौरी मला नाही, मामांना हाका मारत होती. "आजोबा, सांगा की ह्यांना!" मामा दारात उभे होते. "म्या आयकलं हुतं गं," ते मला म्हणाले, "खरंच आयकलं हुतं." मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटलं, आणि जवळ बसवून घ्यावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. मामा यायचे आणि जिन्यात बसून राहायचे. गौरी मात्र माझ्याबरोबर चालायला तयार होईना, आजोबाच पाहिजेत. शेवटी मीच त्यांना हाताला धरून आत आणलं. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हातात तिचं बोट, असे ते व्हरांड्यात फेऱ्या घालू लागले. आणि अशाच एका फेरीत गौरीनं असा दणदणीत आवाज काढला की सिस्टरसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. मामा तिथंच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

मग चमचाभर पाणी, मग पातळ पेज, मग मऊ भात असं करत पोरगी सावरली. मामा काही सावरले नाहीत. आल्यागेल्याला आग्रह करकरून वाढणारा हा माणूस, गौरीच्या ताटात मात्र कधी काही घालेना. "आईला इचार," म्हणायचा आणि हात मागं घ्यायचा. "झालं गेलं, मामा," मी कितीदा म्हटलं. "व्हय की," म्हणायचे, आणि पुन्हा तेच. मला या माणसाचं काय करावं कळायचं नाही.

यंदा मामा अंथरुणाला खिळले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सून त्यांना पेज भरवत होती. कॉलेजात जाणारी माझी लेक त्यांच्यासमोर बसली आणि लहान पोरासारखा आ करून म्हणाली, "आजोबा, मला एक चमचा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "द्या की!" मी ओरडलेच.

मामांनी सुनेच्या हातून चमचा घेतला. निम्मी पेज तिच्या हनुवटीवर सांडली. ती गिळेपर्यंत मामा तिच्या गळ्याकडं बघत राहिले.

"मला पेज मुळीच आवडत नाही, आई," परत येताना गौरी म्हणाली आणि रडायला लागली. मामा त्याच आठवड्यात गेले.