गोळी आणि चहाच्या मधला वेळ

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत त्यांच्या कपड्यांची, छत्रीची, चपलांची सगळ्यांची सोय लागली. ॲसिडिटीच्या गोळ्या तेवढ्या उरल्या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून होत्या.

बाबांचे गुडघे दुखायचे. त्यासाठीच्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना आम्ल कमी करणारी गोळी दिली होती. बाबांनी तिचा सोयीस्कर अर्थ लावला. सकाळी गोळी घ्यायची आणि थोड्या वेळाने तर्री-पोहे हाणायचे. "हे पोटाचं हेल्मेट हाय," असं ते म्हणायचे. आई म्हणायची, "हेल्मेट घातलं म्हणून काय भिंतीले धडक द्यायची का?"

ते गेले आणि मला काहीच वाटेनासं झालं. मी मिहानमधल्या ऑफिसला जायचे, नंदनवनला घरी परत यायचे, डबा घासून पालथा घालायचे. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तशी.

आईचंही तसंच चाललं होतं. ती खिडकीशी बसून राहायची. बोलणं संथ झालं होतं, आवाज जाड. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना शब्द ओढत न्यावे लागायचे. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. जोडीदार गेला की असंच होतं, असं जो येईल तो सांगून जायचा. मलाही ते पटलं होतं. एका घरात दोन माणसं थिजलेली, एकमेकींना त्रास नाही.

मग मे महिना आला. भर दुपारी आई चादर गुंडाळून म्हणाली, "कूलर बंद कर वं. मले थंडी वाजून राहिली."

नागपुरात, मे महिन्यात. दुःखाने माणसाला खूप काही होत असेल, पण नागपूरच्या उन्हाळ्यात थंडी वाजत नाही. मला एकदम राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं होतं. मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

आईला थायरॉइडची गोळी जुनीच. रक्त तपासलं तर थायरॉइड पार बिघडलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी बंद केली होती का?"

आईचा अपमान झाला. "एक दिवस खाडा नाही केला."

"कशी घेता ते दाखवा."

आईने सोबत आणलेला बिस्किटांचा डबा उघडला; तिची औषधंही आता त्यातच असायची. थायरॉइडची गोळी आणि बाबांची गोळी एका मुठीत घेऊन दाखवली. वरून छातीतल्या जळजळीसाठी झाकणभर गुलाबी औषध. आणि लगेच चहा. "एका मुठीत सगळं होऊन जाते," ती म्हणाली.

"ही दुसरी गोळी कोणाची?"

"त्यायची हाय. चांगली दवाई फेकू काहून?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. आम्ही दुःखात कारण शोधत होतो, ते रोज तिच्या मुठीत होतं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, एकटी, नुसत्या पाण्यासोबत. चहा-नाश्ता तासाभराने. पोटातलं आम्ल कमी केलं की ती गोळी नीट विरघळत नाही आणि गुलाबी औषध तर तिला पोटातच धरून ठेवतं. म्हणून त्या दोन्हींत चार तासांचं तरी अंतर हवं. दुसऱ्याची ॲसिडिटीची गोळी आपल्या मनाने रोज घ्यायचीच नाही. ती बंद केल्यावर काही दिवस जळजळ वाढेल, पण नाही सोसलं तर दवाखान्यात यायचं, डबा उघडायचा नाही. घास अडकतो का, वजन उतरलं का, शौचाला काळं होतं का, हेही त्यांनी विचारलं. आईने प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवली. पुढे तसं काही झालं तर लगेच या, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सहज विचारलं, "इतकी वर्षं तर रिपोर्ट छान होते. आधी कशी घ्यायच्या?"

आईने डब्याचं झाकण लावलं. "ते द्यायचे," ती म्हणाली.

बाबा पहाटे तिला उठवून गोळी आणि पाण्याचा पेला द्यायचे आणि फिरायला जायचे. तिकडून गप्पा मारत, दूध घेऊन आरामात यायचे. दूध त्यांच्याकडे, म्हणजे ते येईपर्यंत चहा नाही. ते गेल्यावर मी दूध आदल्या संध्याकाळीच आणून फ्रिजमध्ये ठेवायला लागले होते. अंतर असं कोणी पाळलंच नव्हतं. बाबांच्या फिरण्याने ते आपोआप पडायचं.

हे कळलं तेव्हा रडू यायला हवं होतं. मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत बसले.

बाबांच्या गोळ्या तिथेच दिल्या. रिकामा डबा मात्र आईने सोडला नाही. आता तिला गोळी मी देते आणि दूध आणायला सकाळीच बाहेर पडते. उगाच लांबून चक्कर मारते, म्हणजे चहा लवकर होणार नाही.

काही आठवड्यांत आईची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. एका दुपारी तिने स्वतः उठून कूलर लावला. मला हायसं वाटलं. माझी आई मला परत मिळत होती.

त्यानंतरच्या एका सकाळी मी दूध घेऊन आले आणि फाटकाची कडी वाजवली. आतून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत, पूर्वीसारखा. "आले का? ठेवतो चहा." मला ती 'आली का' म्हणते; 'आले का' हे बाबांना असायचं.

मी दारात गेले. तिने मला पाहिलं, हातातली दुधाची पिशवी पाहिली. मग ती ओट्याला धरून खाली बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

मी तिच्या शेजारी बसले. मला अजूनही रडू आलं नाही. दूध मांडीवर गार लागत होतं, तेवढं कळत होतं.