आठ-नऊच्या बायकोने फोन करावा

रविवारी सकाळी रंगाच्या दुकानावरच्या लाकडी जिन्याने बाजारमावशी धाड धाड वर चढू लागली की खालचा रंगवाला हातातला डबा बाजूला ठेवून रेडिओ लावायचा. जी बाई आपल्या डोक्यावर बसून बोलणार, तिचंच बोलणं रेडिओतून ऐकण्यात त्याला कोण मजा वाटायची! वर शहराचं छोटंसं रेडिओ केंद्र होतं. एक खोली, भिंतींना ठोकलेले जुने गालिचे, एक माइक, एक फोन, आणि काचेपलीकडे बटणं सांभाळणारा एक भला माणूस. त्याला सगळे बटणवालाच म्हणत.

कार्यक्रमात आधी जगभरच्या धंद्यांच्या बातम्या असायच्या, आणि त्या सांगाव्यात तर मावशीनेच. दोन जहाज कंपन्या एकत्र आल्या, हे दुसरं कोणी वाचलं असतं तर ऐकणाऱ्याने जांभई दिली असती. मावशी म्हणायची, "अहो, ऐकलंत का? इतकी वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी शेवटी एका घरात नांदायला निघाल्यात! धाकटी बुडीत चाललीय आणि थोरलीला माज आहे. बघू आता किती दिवस गोडीत राहतात ते." कॉफीचे भाव चढले, तेलवाल्या देशांची बैठक फिसकटली, कुठल्याशा खेळण्यांच्या कंपनीने आपल्या मालकालाच घालवून दिलं, सगळं कसं शेजारच्या घरात घडल्यासारखं. माणसं दात घासता घासता ऐकायची आणि पेस्ट गिळायची.

बातम्या संपल्या की फोन. धंदा काढायची हौस असलेलं अख्खं शहर त्या एका फोनवर तुटून पडायचं. कोणाला पुस्तकांनी भरलेली कपाटं भाड्याने द्यायची असायची, म्हणजे पाहुण्यांवर छाप पडते. कुणा बाईला कुत्र्यांचं पाळणाघर काढायचं होतं, आणि तिला कुत्र्यांची भीती वाटत होती. मावशी सगळ्यांचं मन लावून ऐकायची, खोदून खोदून विचारायची. स्वतः तिने जन्मात रद्दीखेरीज काही विकलं नव्हतं. पण वाचन दांडगं आणि जीभ त्याहून दांडगी.

नियम दोन. खरं नाव सांगायचं नाही, टोपणनाव घ्यायचं. आणि घरच्यांनी संमती दिल्याशिवाय मावशी 'करा' म्हणणार नाही. या दुसऱ्या नियमाला कारण घडलं होतं. सुरुवातीला एका गृहस्थाला तिने पलंगाखाली अळंबी पिकवायला सांगितलं, तर महिन्याभरात त्याची बायको पाटी घेऊन जिना चढली आणि सगळं पीक तिने माइकसमोर ओतलं. तेव्हापासून पहिला प्रश्न एकच, घरी विचारलंत का?

तर एका रविवारी फोन वाजला आणि सर्दी झाल्यासारखा एक जाड आवाज आला, "मावशी, मी आठ-नऊ बोलतोय."

"हे काय हो नाव?"

"पायांचे नंबर. डावा आठ, उजवा नऊ. जन्मभर नऊचा जोड घेतो आणि डाव्यात कापूस कोंबतो. माझ्यासारखे पुष्कळ असणार, लाजेने बोलत नाहीत. मला असं दुकान काढायचंय जिथे ज्या पायाला जो नंबर लागतो तोच बूट मिळेल."

मावशी ताठ बसली. "आणि उरलेला जोड? डावा नऊ आणि उजवा आठ? तो काय डोक्यावर घालणार?"

"माझ्या उलटा माणूसही जगात असेलच ना, मावशी? त्याला शोधून काढायचं, हाच तर धंदा."

मावशीने टेबलावर अशी थाप मारली की माइक आडवा झाला. "वा रे पठ्ठ्या!" ती ओरडली. तेवढ्यात फोनमधून मागून कुणा म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "अरे, नळ जाईल आता! बादल्या कोण भरणार?"

"मागे कोण ओरडतंय?"

"आई आहे."

"त्यांना म्हणावं, इथे जगाच्या व्यापाराचं चाललंय. बादल्यांचं जरा दमानं घ्या!"

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. हा आठ-नऊ म्हणजे मावशीचा सख्खा नवरा. नट-बोल्टच्या कारखान्यात स्टोअरकीपर, स्वभावाने गाय. घरातल्या पॅसेजमध्ये उभा राहून, फोनवर रुमाल धरून बोलत होता. बटणवाल्याने त्याला पहिल्या वाक्याला ओळखलं. रंगवाल्याने ओळखलं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने तर "अगं बाई, हे तर आपले नट-बोल्टसाहेब!" म्हणून कोथिंबिरीची जुडी खाली टाकली. सगळ्या शहराने ओळखलं, एकट्या मावशीने नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कोणी सांगितलं का नाही? कारण जो तो समजला की हे नवरा-बायकोने मिळून ठरवलेलं सोंग आहे. तो तिला 'मावशी' म्हणायचा तेव्हा तर लोकांच्या हसून हसून मुरकुंड्या वळायच्या.

घरी येऊन मावशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, काय एकेक डोकं असतं लोकांचं! आजचा तो आठ-नऊ ऐकायला हवा होता तुम्ही."

"असं?" नवरा कानापर्यंत लाल झाला.

"नाहीतर तुम्ही. नट मोजले, बोल्ट मोजले, झालं." असं म्हणून तिने पेपर उघडला. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दमानं घ्या म्हटलेलं त्यांना भलतंच लागलं होतं.

आठ-नऊचा फोन दुसऱ्या रविवारी आला, तिसऱ्या रविवारीही आला. दुकान कुठे काढायचं, माल कुठून आणायचा, कोणाकोणाशी बोलणं झालंय, सगळं त्याने सांगितलं. त्याला कसं बोलायला येत होतं! मध्येच विनोद करायचा, मावशी खळखळून हसायची. आणि मग तिने नियमाचा प्रश्न टाकला. "घरी विचारलंत का?"

तो म्हणाला, "आईचं हो आहे. बायकोला विचारायचंय. पण मी बोलायला लागलो की ती पेपर उघडते."

झालं! मावशी खवळली. "पेपर उघडते? असं सोन्यासारखं माणूस समोर बसलंय आणि ही बया पेपर वाचते? हिला कान आहेत की डूल अडकवायला नुसती भोकं आहेत? बाई गं, तू जी कोण असशील ती, ऐकत असशील तर ऐक! मी तुझ्या जागी असते तर या माणसाच्या पायाशी बसून ऐकलं असतं!" खाली रंगवाला स्टुलावरून पडला, तो आवाज वरपर्यंत आला. मावशी काही थांबेना. रागाच्या भरात तिने स्वतःचाच नियम मोडला. "आठ-नऊ, उद्याच्या उद्या राजीनामा द्या! आणि पुढच्या रविवारी तुमच्या बायकोने इथे फोन करावा. संमती कशी देत नाही ते मी बघते!"

तो आठवडाभर रस्त्यात जो भेटेल तो मावशीचं कौतुक करत होता. भाजीवाली म्हणाली, "मावशी, काय रंगवलंत हो! स्वतःला एवढं बोलायला जिगर लागते." मावशीला वाटलं, 'दुसऱ्याला' म्हणायचं असेल, बिचारीची जीभ घसरली. नवरा त्या आठवड्यात घरीच होता. तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. "सुट्टी वाटतं?" असं तिने एकदा विचारलंही, आणि उत्तर यायच्या आत पान उलटलं.

रविवार आला. मावशीने त्या दिवशी जगाला दोन वाक्यांत गुंडाळलं. "भाव चढलेत, उतरतीलही. पोलादवाले भांडतायत, भांडू देत. आज मला एका बाईची वाट बघायचीय." फोन वाजला. तिने झडप घातली.

"हॅलो! आठ-नऊची बायको का?"

"नाही. आठ-नऊची आई. जिला तू दमानं घ्यायला सांगितलंस ती."

"माफ करा हं आजी. सूनबाई आहेत का घरात? त्यांना द्या ना फोन."

"सूनबाई कामावर गेल्यात."

"रविवारी? असं कसलं काम?"

"रंगाच्या दुकानावर लाकडी जिना आहे, तो चढून जायचं. भिंतींना गालिचे मारलेत म्हणे. तिथे बसून ती जगाला अक्कल शिकवते."

काचेपलीकडे बटणवाला पोट धरून वाकला होता. मावशीने गालिच्यांकडे पाहिलं. एका भिंतीवर पाहिलं, दुसऱ्या भिंतीवर पाहिलं, आणि तिच्या पायांखालची जमीनच सरकली.

"सासूबाई?"

"ओळखलंस? नशीब माझं. आता नीट ऐक. पोराने सोमवारी राजीनामा दिला. तू सांगितलंस म्हणून. घरात पगार आणणारा तो एकटा, तुझ्या रेडिओवर चहाचा खर्च सुटतो फक्त. काय करायचं ते दोघं बघा, मला दूध तापवायचंय."

दर रविवारी लोकांचे नवरे मावशीने बिनदिक्कत पाण्यात ढकलले होते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे तिचं आवडतं वाक्य. आज स्वतःचा नवरा काठावर उभा होता आणि धक्काही तिनेच दिलेला. 'राजीनामा परत घ्या' हे शब्द अगदी ओठांवर आले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिला स्वतःची अशी लाज वाटली की म्हणता सोय नाही.

"त्यांना फोन द्या," ती कशीबशी म्हणाली.

"बोलतोय," आवाज आला. या वेळी रुमाल नव्हता. साधा, रोजचा आवाज.

"अहो, तुमचे पाय खरंच आठ-नऊ आहेत?"

"आहेत."

"मला कधी बोलला नाहीत!"

"बोललो होतो की. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. तू 'हं' म्हणालीस."

बटणवाला हसायचा थांबला. शहरात कितीतरी घरांमध्ये त्या क्षणी पेपर खाली ठेवले गेले असतील.

"मग मला इथे कशाला फोन केलात? घरी धरून हलवायचं होतंत मला!"

"इथे तू ऐकतेस ना," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, हेच वाईट. "कारखान्याचे साहेब म्हणालेत, बुधवारपर्यंत राजीनामा परत घेता येईल. तू सांग. परत घेऊ?"

मावशीला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं, आणि हे दोन्ही सगळ्या शहराने ऐकलं. तिने नाक पुसलं. "परत घ्याल तर खबरदार! मावशीचा सल्ला मागे घेत नाही मी. आणि बायकोची संमती आहे. सगळ्यांसमोर सांगतेय, बायकोची संमती आहे! पण अहो, मला भीती वाटतेय हो."

"मलाही."

"मग बरंय. मला वाटलं एकटीलाच वाटतेय." तिने कानांवरचे हेडफोन काढले आणि बटणवाल्याला म्हणाली, "काय वाट्टेल ते गाणं लाव!" आणि जिन्यावरून धडाधड खाली उतरली.

खाली रंगवाला वाट अडवून उभा. पँट गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, दोन्ही पायांत दोन रंगांचे मोजे. "मावशी, हे खरं होतं? अहो, माझा डावा नऊ आणि उजवा आठ! मला वाटलं तुमचं नाटक चाललंय, म्हणून बोललो नाही इतके दिवस. साहेबांना सांगा, उरलेला जोड माझा!" मावशीने भर रस्त्यात त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पहिलं गिऱ्हाईक पायांखाली बसलं होतं आणि गप्प बसलं होतं, मेलं! भाजीवाली टाळ्या वाजवत होती. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "मावशी, माझ्या मेहुण्याचे सात आणि साडेआठ!" मावशी "सांगते, सांगते!" करत पळत सुटली. तिला पळताना त्या रस्त्याने कधी पाहिलं नव्हतं.

घरी नवरा पॅसेजमध्ये फोनशेजारीच खुर्चीवर बसला होता, निकाल लागायची वाट बघत बसावं तसा. सासूबाई दुधाच्या पातेल्यामागे लपल्या होत्या, म्हणजे कान इकडे. मावशी धापा टाकत आली ती सरळ त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसली. त्याचे बूट काढले. डाव्यातून कापसाचा बोळा निघाला, चेपून चेपून दगडासारखा झालेला. मोजे काढले आणि दोन्ही पाय फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

"खरंच की हो," ती म्हणाली.

तो ओशाळून हसला. पाय मागे घ्यायला लागला, पण तिने धरून ठेवले. मग मान वर करून तिने विचारलं, "अहो, आणखी काय काय सांगितलं होतंत मला?"

त्याने विचार केला. शेजारची दुसरी खुर्ची ओढून तिच्यासाठी पुढे सरकवली.

"वर बस," तो म्हणाला, "वेळ लागेल."