भागाबाईनं खाली बसवलेली फियाट

पारोळ्यात धुळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक लिंब होता. त्या लिंबाखाली भागाबाईची भट्टी. ट्रकच्या कमानी नीट करायचं काम. गाडीच्या बुडाखाली पोलादी पाट्यांची जी जुडी असते, जिच्यावर सगळं ओझं पेलतं, ती कमान. बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक द्यायचा, तुटलेला बदलायचा, तापवून तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे कडक करायचा, हा तिचा धंदा. नवरा गिरधर लोहार हयात होता तोवर तो सांडशी धरायचा आणि ती घण मारायची. त्र्याऐंशी साली तो धनुर्वातानं गेला. लोक म्हणाले, आता ही भट्टी विझली. पंधराव्या दिवशी भागाबाईनं सांडशी स्वतःच्या हातात घेतली, घण दिराला, झुलालला दिला, आणि रावेरहून केळी घेऊन आलेल्या एका ट्रकची कमान संध्याकाळच्या आत चढवून दिली.

तिचा कान मोठा तिखट. पाट्यावर हातोडी टिचकीसारखी मारायची, आवाज ऐकायचा आणि सांगायची, इथं चीर आहे. डोळ्याला काही दिसत नसे. पण पाटा तापवला की नेमकी तिथंच काळी रेघ उमटायची. ड्रायव्हर लोक तिला अक्का म्हणत आणि तिच्यासमोर विडी पेटवत नसत.

त्र्याण्णवच्या माघात अभिमन तिच्याकडे आला. बाजार समितीतल्या रुपचंद अडत्याचा हा मुलगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. जळगावला कॉलेजात शिकून आलेला, त्यामुळे बोलणं शहरातलं. बापाची जुनी फियाट त्यानं काळी कुळकुळीत रंगवून घेतली होती आणि डिकीत चार रुंद, मोठी चाकं आणली होती. इंदूरला त्यानं एक गाडी पाहिली होती म्हणे. जमिनीला चिकटून चालणारी, चाकं मडगार्डात गच्च भरलेली. तशीच त्याला हवी होती.

"धुळ्यात तीन मिस्त्र्यांना दाखवली, अक्का," तो म्हणाला. "तिघंही म्हणतात, होणार नाही. गाडी खाली घेतली की मोठं चाक पत्र्याला घासणारच. तुमच्याकडून होईल का?"

भागाबाई गाडीखाली सरपटत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. खरं तर 'नाही' हाच शब्द तिच्या ओठावर होता. चाक मोठं आणि जागा कमी, हा हिशेब कुणालाही कळेल असा होता. पण 'तिघंही म्हणतात' हे शब्द तिच्या मनात रुतले. दहा वर्षं ती ऐकत आली होती की बाईच्या हातची कमान टिकत नाही.

"व्हई," ती बाहेर येऊन म्हणाली. "पन मी सांगस तितलंच. त्याना खाले एक बोट नही."

काम नऊ दिवस चाललं. पुढच्या स्प्रिंगा तिनं धुळ्याहून नव्या वळवून आणल्या, बुटक्या पण मूळच्यापेक्षा कडक. गाडी बसेल पण लोळणार नाही, अशा. मागच्या कमानींचा बाक कमी केला आणि त्यांत एकेक पातळ पाटा जास्त घातला. मग सगळ्या चाकांना ओला गेरू फासला, गाडीत ज्वारीची पाच पोती टाकली आणि झुलालला गाडी भट्टीसमोरच्या खड्ड्यातून न्यायला सांगितली. गेरू जिथं पत्र्याला लागेल तिथं चाक घासतंय, साधा हिशेब. पहिल्या खेपेला चारही मडगार्डं लाल झाली. तिनं पत्र्याची आतली कड ठोकून ठोकून वर दुमडली. पुढची चाकं वळताना आत घासत होती म्हणून स्टिअरिंगचा शेवटचा वळसा बोल्ट लावून अडवला. तरी डावं मागचं चाक ऐकेना. रस्त्याचा उतार त्याच बाजूला, ओझंही तिकडंच कलणार. शेवटी कमानीच्या वर तिनं जाड रबराचे ठोकळे बसवले. कितीही ओझं पडलं तरी चाक त्या ठोकळ्याच्या वर चढू शकणार नव्हतं.

सातव्या खेपेला पत्रा कोरा निघाला. भागाबाईनं चारही ठिकाणी बोट फिरवून पाहिलं आणि ती लहान पोरीसारखी हसली. झुलालनं वहिनीला तसं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

अभिमनला तिनं गाडीखाली वाकायला लावून ठोकळे दाखवले. "मांगे दोनच मानसं. तिसरा बठना म्हंजे गाडी या रबरवर आदळी. आदळू दे. पन हाई रबर काढू नको. ज्या दिवशी रबर निंघी, त्या दिवशी चाक पत्राले भिडी."

"तुम्ही सांगाल तसं, अक्का," अभिमन म्हणाला. त्याचं लक्ष गाडीच्या काळ्या चकाकीकडेच होतं.

महिनाभर गावात फियाटचीच चर्चा होती. पोरं भट्टीवर येऊन विचारत, आमचीही बसवून दे. भागाबाई त्यांना हाकलून देई, पण मनातून तिला बरं वाटे. धुळ्याच्या त्या तिघांतला एक मिस्त्री मुद्दाम गाडी पाहायला आला आणि काही न बोलता गेला, हेही कुणीतरी तिला सांगितलं.

चैत्रात अभिमन पुन्हा आला. गाडी खड्ड्यात आदळते, मित्रांचं डोकं टपाला लागतं, रबर काढून टाका, असं त्याचं म्हणणं. शिवाय गाडी अजून दोन बोटं खाली हवी होती. भागाबाईनं सांडशी खाली ठेवली नाही की त्याच्याकडे पाहिलं नाही. "नही," एवढंच म्हणाली. तो गेला. जाताना गाडी अशी जोरात काढली की लिंबाखालची धूळ भट्टीवर आली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी तिनं ती गाडी ऐकली. पाहिली नंतर, आधी ऐकली. खर्र... आणि मग शांत. पुन्हा वळणावर खर्र. भाजीवाल्याशी बोलता बोलता तिची मान वळली. गाडी समोरून गेली तेव्हा मागची बाजू सुतक्यासारखी खाली बसली होती. कुणी न सांगता तिला कळलं. कुणीतरी हायवेवरच्या मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगा गॅसनं कापल्या होत्या, मागचा पाटा काढला होता, आणि ठोकळे गेले होते.

ती तशीच बाजाराची पिशवी घेऊन रुपचंदच्या अडतीवर गेली. रुपचंद पोत्यांतले कापसाचे नमुने पाहत होता.

"आबा, पोराले गाडी चालवू देऊ नका. चाक घासस. आतून टायर कापाई राहिनं."

"गाडी तुम्हीच केली ना, बाई?" रुपचंद हसून म्हणाला. वाईट मनानं नव्हे. "तेव्हा तर पोरगा म्हणाला, अक्कासारखा मिस्त्री जिल्ह्यात नाही. सांगतो त्याला."

सांगितलं की नाही, कुणास ठाऊक.

वैशाखातला दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील, पण डांबर पाघळायला लागलं होतं आणि रस्त्यावर लांबवर पाणी असल्यासारखं दिसत होतं. धुळ्याला कुणा मित्राचं लग्न होतं. अभिमनची गाडी भट्टीच्या पलीकडच्या पानटपरीवर थांबली. आत सहा जण. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी आधार बसला होता, अभिमनच्या आत्याचा मुलगा, शांत पोरगा, वरणगावच्या कारखान्यात नुकताच चिकटलेला.

भागाबाई हातातला हातोडा तसाच घेऊन रस्ता ओलांडून गेली. वाकून तिनं डाव्या मागच्या चाकावर मडगार्डाच्या आत हात घातला. बोटं काळी झाली. रबराची भुकटी, बारीक, गरम. टायरच्या बाजूला नखभर खोल चर पडला होता आणि चराच्या तळाशी दोऱ्याचं टोक बोटाला लागलं.

"उतरा," ती म्हणाली. "बठ्ठा उतरा. हाई टायर धुळे देखाव नही."

पोरं हसली. एकजण म्हणाला, "अक्का, दृष्ट काढून टाका." अभिमनचा चेहरा मात्र उतरला. तो चिडला होता की घाबरला होता, हे भागाबाईला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"मित्रांसमोर माझी शोभा करू नका, अक्का. गाडी हळूच नेतो."

आधारनं दार उघडलं. एक पाय त्यानं खाली टेकवला. "मी एस्टीनं येतो रे," तो म्हणाला. "तुमची गर्दी तरी कमी होईल."

"बस रे, घाबरट," अभिमननं मागे वळून त्याचा दंड ओढला. दार लागलं.

हातोडा भागाबाईच्या हातात होता. चाकाचा व्हॉल्व तिच्यापासून हातभर. एक घाव घातला असता तर हवा गेली असती आणि गाडी जागची हलली नसती. तिच्या मनात आलं, दुसऱ्याची गाडी, अडत्याचा मुलगा, आपण कोण? तेवढ्यात गाडी निघाली. वळणावर ती खर्र करून गेली, आणि मग रस्त्यावरच्या त्या खोट्या पाण्यात शिरल्यासारखी दिसेनाशी झाली.

भागाबाईनं परत येऊन भट्टीवर पाटा ठेवला. पाटा लाल झाला, पांढरा झाला, जळायला लागला, तरी ती तो काढेना. झुलालनं तिच्या हातून सांडशी घेतली.

दीड तासानं धुळ्याकडून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं. सात-आठ मैलांवर मोरीच्या वळणावर टायर फुटलं. गाडी मोरीच्या कठड्यावर डाव्या अंगानं आदळली. चौघांना खरचटलं, अभिमनचा हात मोडला. आधार जागच्या जागी गेला.

गावात दुपारपर्यंत एकच वाक्य फिरलं: बाईनं केलेली गाडी. संध्याकाळी झुलाल तिच्या शेजारी येऊन बसला. "वहिनी, पोलीस इतीन. आपन ती गाडी देखीच नही, असं सांगी दे. तुना हातनं काहीच नही तिठे, ना स्प्रिंग ना रबर. कोन सिद्ध करी?"

त्याचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी चौकीच्या आवारात चेपलेली फियाट तिनं पाहिली. गॅसनं कापलेल्या स्प्रिंगांची निळी पडलेली टोकं, पाटा काढल्याची रिकामी जागा, ठोकळ्यांची नुसती भोकं. तिचं काम जवळजवळ पुसून गेलं होतं. तिनं फौजदाराला एकेक गोष्ट बोटानं दाखवली, कुठं काय असायला हवं होतं आणि काय काढलं गेलं. मग म्हणाली, "पन पहिला हात मनाच शे, साहेब. गाडी पहिले मीच खाले बसाडी."

फौजदारानं लिहिणं थांबवलं. "हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, बाई."

"काब्र खोटं बोलू?"

खटला अभिमनवर झाला. तिची साक्ष दोनदा झाली. हायवेवरचा तो मिस्त्री कधी सापडला नाही. रुपचंद कोर्टाच्या आवारात तिच्यासमोरून जाताना थांबायचा आणि पुढं निघून जायचा. भट्टीवर चार-पाच महिने लहान गाडी एकही आली नाही. ट्रकवाले मात्र येत राहिले.

श्रावणात एक दिवस आधारची आई पार्वताबाई आली. भर दुपारी, एकटीच. झुलालनं घण थांबवला. तिनं बसायला नकार दिला, मग बसली.

"अक्का, लोके सांगतस, तू तठे व्हती. मना आधार उतरत व्हता का?"

हो म्हणावं तर आईचं काळीज पुन्हा फाटणार. नाही म्हणावं तर खोटं. "उतरत व्हता, बाई. एक पाय भुईवर व्हता."

पार्वताबाईनं विचारलं, "मंग तू त्याले काब्र नही धरं?"

भागाबाईनं तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं. पार्वताबाई ते प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती उन्हात निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

भागाबाईनं आणखी सहा वर्षं भट्टी चालवली. त्या काळात घासलेल्या टायरचा कुठलाही ट्रक तिनं पुढं जाऊ दिला नाही. ड्रायव्हरनं ऐकलं तर ठीक, नाही तर ती सरळ व्हॉल्ववर हातोडा घालायची. दोनदा तिला मारही बसला. एकदा मालकानं पोलिसात तक्रार दिली. झुलाल म्हणायचा, वहिनी, आता पुरे. ती ऐकायची नाही. रस्त्यावरून गाडी गेली की तिची मान आधी वळे, मग डोळे. आणि गाडी आवाज न करता निघून गेली, तरी ती बराच वेळ त्या दिशेला कान लावून उभी राहत असे.