गव्हाणीतलं निळं तळं

इदालिनाच्या घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नव्हतं, पण ॲशट्रे मात्र घरभर. आमच्या ब्राझीलमधल्या पोसोस दे काल्दास गावच्या काचभट्ट्यांत एके काळी ते ढिगानं व्हायचे. नमुने इटलीहून आलेल्या उस्तादांचे, काच फुंकणारे गावातले. जाड काच, उमललेल्या पाकळ्यांसारखी कड, आत गोठलेले रंग. पुढे घराघरांतून सिगारेटी हद्दपार झाल्या आणि हे ॲशट्रे रविवारच्या जुन्या बाजारात येऊन पडले. देवळातली रविवारची मिस्सा संपली की इदालिना तडक तिकडे. हवा तो नमुना दिसला की उन्हात धरून पाहायची. जमिनीवर रंग नीट उतरला तरच घ्यायचा.

जन्मभर तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, लग्न केलं नाही. घर मात्र असं मांडलं की बघत राहावं. दाराशी केशरी ॲशट्रेत किल्ल्या, न्हाणीघरात हिरव्यात साबण, टेबलावर मधाच्या रंगाच्यात लिंबं, उशाशी जांभळ्यात जपमाळ. नियम एकच, राख पडता कामा नये.

त्या घरात गेल्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ मीरो राहायला आला. आयुष्य काचभट्टीत गेलेलं, बायको नुकतीच गेलेली. कपड्यांची एक पिशवी आणि मक्याच्या पानात वळायच्या विड्यांचा तंबाखू, एवढंच सामान. इदालिनानं त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि राखेसाठी सार्डिनचा रिकामा डबा.

"घरभर ॲशट्रे आणि मी माशाच्या डब्यात राख झाडतोय," मीरो म्हणायचा. "गावाला कळलं तर हसतील."

"हसू देत. ते आता ॲशट्रे नाहीत."

"मग काय आहेत?"

"साबणदाणी आहे, फुलदाणी आहे. डोळे आहेत ना तुला?"

"अगं ताई, राखेसाठीच केले आम्ही ते!"

"केलेस तू. पुसते मी."

त्याची मुलगी कँपिनासला आठव्या मजल्यावर राहते. ती सारखी बोलवत होती. नाताळनंतर बघू, म्हणायचा. इदालिना त्याला 'राहा' म्हणणाऱ्यातली नव्हे. मला, शेजारणीला, मात्र कपडे वाळत घालताना म्हणाली, "हा गेला की संध्याकाळची कॉफी परत एकटीपुरती गाळायची."

नाताळाआधी आमच्या गल्लीत नऊ संध्याकाळी नऊ घरी प्रार्थना होते. इदालिनाच्या पाळीला तिनं नेहमीसारखी येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी मांडली. मातीचे मेंढपाळ, शेवाळाचं कुरण आणि मध्ये पाणी भरलेला निळा ॲशट्रे, म्हणजे तळं. तळ्यात दोन बदकं. प्रार्थना मी सांगत होते. गाणं सुरू झालं तसा मीरो दारातून आत आला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच प्रार्थनेला उभा राहिला, म्हणून मला बरं वाटलं. हातातली विडी विझवायचं त्याला भान नव्हतं. गाता गाता त्यानं हात लांब केला आणि तळ्यात राख झाडली.

छस्स झालं. एका बदकाच्या डोक्यावर राख.

"अहो, बाळ येशूच्या तळ्यात!" गल्लीतली जांदिरा ओरडली. गाणं थांबलं.

मीरोचे कान लाल झाले. "मला... ॲशट्रे दिसला," तो म्हणाला.

"याला आधी देवळात न्या, मग घरात घ्या," जांदिरा पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

मीरो बाहेर गेला. खिडकीतून दिसलं, दोरीवरचे शर्ट काढून पिशवीत भरत होता. इदालिनालाही दिसलं असणार. आता ही पेटणार असं मला वाटलं.

"पोसोसचं पाणी आहे, जांदिरा," ती म्हणाली. "जमिनीतून गरमच येतं. वाफ निघायचीच. तू पुढचं म्हण गं." हे शेवटचं मला.

उरलेली प्रार्थना आम्ही हसू दाबत पुरी केली. देवानं माफ करावं.

चीज आणि पेरूच्या वड्या खाऊन बायका गेल्या. मी कप विसळायला थांबले होते. व्हरांड्यातलं बोलणं स्वयंपाकघरात येत होतं, खिडकीतून दिसतही होतं.

"कुठे निघालास?"

"कँपिनासला. पोरगी विडीवरून ओरडेल, पण देवाच्या तळ्यात राख तरी पडणार नाही."

इदालिना आत आली. बदकं उचलून शेवाळावर ठेवली, तळ्यातलं पाणी कुंडीत ओतलं, ॲशट्रे ॲप्रननं पुसला आणि बाहेर नेऊन त्याच्यासमोर कठड्यावर ठेवला.

"घे. यात झाड."

मीरोनं तो दिव्याखाली फिरवून पाहिला. "हा नको. कड बघ किती पातळ ओढलीय. अशी रोज जमायची नाही. यात राख टाकू?"

"राखेसाठीच केले म्हणत होतास ना?"

"तेव्हा विकायचे होते, ताई."

मग त्यानं सार्डिनचा डबा उचलून त्या निळ्या काचेत बसवला. फिट्ट बसला.

"डबा तरी घासत जा," इदालिना म्हणाली. "अजून मासळीचा वास येतोय. थांब, कॉफी गाळते."

सकाळी शर्ट पुन्हा दोरीवर होते. नाताळला मुलगीच इकडे आली.

गव्हाणीत आता तळ्याच्या जागी हातात धरायचा छोटा आरसा आहे. जांदिराला तो खोटा वाटतो. इदालिना म्हणते, बदकांची काही तक्रार नाही.