पुसून दिलेला कॉम्प्युटर

दोन हजार पाच साली कोल्हापूरच्या स्टँडवर माझी बॅग गाडीत चढवताना दिलीप पुन्हा म्हणाला, बिल्डचा, म्हणजे प्रोग्रॅमचा कुठला भाग आधी जोडायचा तो क्रम तेवढा कागदावर लिहून दे. मी जर्मनीला निघालेलो, डोकं ठिकाणावर कुठलं! "फोन कर की लेका, मी काय मरतोय व्हय?" असं म्हणून मी गाडीत बसलो. आमचं सगळं काम असंच तोंडी चालायचं.

मंगळवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघं एका दूध संस्थेसाठी जावामध्ये प्रोग्रॅम लिहीत होतो. दिलीप नेसरीचा, शेती भावावर सोडून आलेला. त्याची सगळी उमेद या कामावर होती. सोर्स कोड पाच रिपॉझिटरींत, म्हणजे पाच वेगळ्या कोठारांत विभागलेला. आधी 'पाया' नावाचा पहिला भाग कंपाइल करायचा, त्यातून निघालेली जार फाइल दुसऱ्यात घालायची, दुसऱ्याची तिसऱ्यात. तो क्रम माझ्या डोक्यात, आणि 'पाया'त दोन महिने केलेले बदल फक्त माझ्या मशीनवर. उद्या सर्व्हरवर चढवू, उद्या चढवू करत राहिलो.

निघायच्या आदल्या दिवशी मी ती मशीन फॉरमॅट केली. आता ती दिलीप वापरणार होता ना! "दुसऱ्याला द्यायचं भांडं घासून द्यावं," हे आई जन्मभर सांगत आलेली. त्याला स्वच्छ मशीन मिळावी म्हणून सगळं पुसलं, आणि वर स्वतःवरच खूश झालो. गाढव!

महिन्याभरात संस्थेनं नवी आवृत्ती मागितली. दिलीप बिल्ड करायला बसला, तर दुसऱ्याच रिपॉझिटरीत एररचा ढीग. बूथवरून फोन करून त्यानं सापडत नसलेल्या क्लासची, म्हणजे कोडच्या तुकड्यांची नावं एकेक वाचली. तिसऱ्या नावाला मला कळलं, हे सगळे मी पुसलेल्या मशीनवरच होते. पुढचे सगळे रविवार मी आठवून आठवून कोड लिहून पाठवला. एक जुळलं की दुसरं तुटायचं. संस्थेनं वाट पाहिली आणि काम पुण्याच्या लोकांना दिलं.

"तुझ्याबिगर चालू नये, असंच बांधलं हुतंस की रं," दिलीप फोनवर म्हणाला. मी 'नाही' म्हणालो. आज तेवढ्या खात्रीनं म्हणता येत नाही.

इथं जर्मनीत ऑफिसात एक बटण दाबलं की ढीगभर रिपॉझिटरी आपापल्या क्रमानं बिल्ड होतात. लोक कॉफी प्यायला जातात. माझा जीव जळतो.

मागच्या सुट्टीत नेसरीला गेलतो, शिव्या खायची तयारी करून. दिलीप गोठ्यातून हात धुऊन आला आणि म्हणाला, "या पावणं, बसा." चहा दिला. तिकडं थंडी किती असते, ते विचारलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो वैरणीचं बघायला उठला.

बाहेर गेलेले तुम्ही सगळे घर म्हटलं की गावाची माती आठवता. माझं घर ती खोली होती, आणि मला अरेतुरे करणारा तो माणूस. आई आहे तोवर कोल्हापूरला येत राहीन. त्यानंतर तिथं मला 'बसा' म्हणणारेच उरतील.