धूर दिसला नाही

आमचे भाऊजी पहिल्यांदा भेटले की कोणालाही वाटतं, काय मिजास आहे या गृहस्थाची! कारण ते बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून कुठंतरी वर बघतात. लग्नकार्यात कोणी वाकून नमस्कार केला तरी यांची नजर छताला. मिजास वगैरे काही नाही हो. उभी नोकरी धुराड्यांकडे बघण्यात गेली, त्यामुळे मान तशीच बसली आहे. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात ना, तसेच आहेत ते. फक्त त्यांचं नाक आभाळाकडे असतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. शेगड्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात ते तपासनीस आहेत. आमच्याकडे शेगडी विकायची तर तिच्यावर या कार्यालयाचा शिक्का लागतो. कार्यालयाच्या मागच्या अंगणात एक पत्र्याची खोली आहे. शेगडी आत ठेवायची, तिचं धुराडं भिंतीतल्या भोकातून बाहेर काढायचं, शिपायाने आत ती पेटवायची आणि भाऊजींनी बाहेर उभं राहून वर बघायचं. धुराड्याच्या तोंडातून धूर निघताना दिसला की शेगडी पास. नाही दिसला तर नापास.

नियम मुळात वाईट नव्हता. पूर्वी शेगड्यांना धुराडंच नसायचं, सगळा धूर घरात आणि घरातल्या बायकांच्या छातीत. तेव्हा कोण्या शहाण्या साहेबाने ठरवलं की धूर बाहेर गेलाच पाहिजे, आणि तो गेल्याचं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. तो साहेब पुढं निवृत्त झाला. नियमांना मात्र निवृत्तीचं वय नसतं.

भाऊजी धुतल्या तांदळासारखे आहेत. शेगडीवाल्यांकडून त्यांनी कधी घोटभर चहा घेतला नाही. एका कारखानदाराने यांचे हात ओले करायचा प्रयत्न केला, तर यांनी त्याला अंगणाबाहेर घालवून दिलं. ताईला याचा फार अभिमान. मला विचाराल तर थोडे पैसे खाल्ले असते तर परवडलं असतं. लाच खाणारा माणूस निदान वाकतो तरी.

मध्यंतरी वरून हुकूम सुटला, की देशाची प्रगती नव्या कल्पनांवाचून अडून बसली आहे. कार्यालय लगेच कामाला लागलं. म्हणजे रंगारी बोलावला. दारावरची जुनी पाटी पुसून 'नवकल्पना प्रोत्साहन केंद्र' अशी पाटी रंगवली, जिन्यात 'काहीतरी नवे करा' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि सभागृहातल्या खुर्च्यांना गाद्या आल्या. त्या गाद्यांवर बसून साहेब लोक दर महिन्याला हळहळायचे, "आपल्या माणसांत कल्पकताच नाही हो!" मागचं अंगण, पत्र्याची खोली आणि भाऊजी जिथल्या तिथं होते.

आता ताईचं ऐका. ताईला जुनाट खोकला. तपासनिसाच्या घरची शेगडी शिक्क्याची असणारच, पण धुराडं कितीही चांगलं असलं तरी थोडा धूर घरात राहतोच. एके दिवशी आमटीपेक्षा स्वतःचाच खोकला जास्त उकळतोय हे पाहून ताई भडकली. कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याला गाठून तिने त्याच्याकडून डब्यात डबा बसवून घेतला आणि वरच्या काठाला भोकं पाडून घेतली. आत लाकडाचा भुसा भरायचा. पहिला डबा पेटवला तेव्हा झाकण उडालं आणि ताईची एक भुवई गेली. भाऊजी म्हणाले, "अगं, काय हा पोरखेळ?" पण आमची ताई म्हणजे धरलं की सोडायचं नाही. भोकं कधी लहान कर, कधी मोठी कर, कधी बुजवून टाक, असं करता करता एक दिवस धूर वरच्या भोकांपाशी आला आणि तिथंच पेटून गेला. निळसर जाळ, वर स्वच्छ हवा. ताईने मला हाक मारली. मी गेले तर ती शेगडीवर तोंड धरून दीर्घ श्वास घेत उभी होती, आणि खोकत नव्हती. मला रडूच आलं.

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. बघता बघता ताईने एक शेड भाड्याने घेतली, त्या बायकांतल्या चार-पाच जणी तिथं कामाला लागल्या. गावातल्या मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीणबाई येऊन शेगडी पेटवून गेली. जाताना म्हणाली, "बाई, आमच्या पोरी धुराने अर्धमेल्या होतात. मी सगळं स्वयंपाकघर तुमच्या शेगड्यांवर घेते. फक्त शिक्का आणा, त्याशिवाय रुग्णालय घ्यायचं नाही."

एवढंच राहिलं होतं. शिक्का मिळाला की शेड चालणार, नाही तर बंद. आणि शिक्का तर घरातच होता! आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

तपासणीच्या दिवशी मी ताईबरोबर गेले. नियमापुरतं धुराडं लावलेली शेगडी शिपायाने पेटवली, ताईही आत थांबली. बाहेर भाऊजी मान वर करून उभे राहिले. उभेच राहिले. धुराड्याच्या तोंडाशी एक कावळा येऊन बसला, ऊब घेऊन उडाला, तरी हे उभेच. शेवटी त्यांनी लिहिलं, 'धूर दिसला नाही. नापास.'

"अहो, धूर नाहीच तर दिसेल कुठून?" ताई म्हणाली.

"तेच लिहिलंय मी. दिसला नाही."

"अहो पण धूर होतच नाही या शेगडीत!"

"असं कसं होईल? जाळ आहे म्हणजे धूर आहे. बाहेर आला नाही, म्हणजे तो आतच राहिला."

"आत मी उभी होते! तुमच्या शिपायालाच विचारा."

शिपाई म्हणाला, "साहेब, आत काहीच नव्हतं."

"आतला धूर तपासायची आपल्या कार्यालयात सोय नाही," भाऊजी म्हणाले. मग आवाज खाली आणून ताईला म्हणाले, "घरी काय ते बोलू. इथं लोक बघतायत."

मी म्हटलं, "भाऊजी, रोज अशाच शेगडीवरचं जेवता ना?" तर म्हणाले, "जेवण तपासणं माझ्या कामात येत नाही." असल्या माणसाशी डोकं फोडायचं तरी कसं?

पण खरं ते सांगितलं पाहिजे. भाऊजींनी स्वतः होऊन वर लिहिलं, की अशा शेगडीसाठी नियमाचा पुन्हा विचार व्हावा. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी असं काही केलं. मग गादीच्या खुर्च्यांवर समिती बसली. समितीत केंद्राचे साहेब, एक प्राध्यापक, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या शेगडी कारखान्याचे मालक. मालक म्हणाले, "उद्या धूर न येणारी शेगडी पास करायची म्हटलं, तर न पेटवलेली शेगडीही पास होईल!" प्राध्यापक हसले, साहेब हसले, आणि हसण्यावारीच निकाल लागला. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं तर राखणदार किती का सज्जन असेना.

पत्रेवाल्याने तोड काढली. "ताई, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. सगळे कारखानदार काय करतात? तपासणीला नेताना आत ओलं गोणपाट टाकतात. भसाभस धूर. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, एक तुमचे साहेब सोडून."

"मी धूर घालवला तो काय परत आणायला?" ताई कडाडली. पण स्वयंपाकीणबाईचे निरोपावर निरोप येत होते, आणि शेडमधल्या बायका नुसत्या ताईच्या तोंडाकडे बघायच्या. त्या बघण्यापुढे ताई हरली. तिने शेगडीत एक छोटी थाळी बसवली आणि तिच्यात ओल्या गोणपाटाचा तुकडा ठेवला.

यावेळी धुराड्यातून असा धूर निघाला की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काळे झाले. भाऊजींचा चेहरा खुलला. "आता कशी शेगडी झाली!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला. घरी येताना ते चक्क गुणगुणत होते. बायकोचं कल्याण झालं आणि नियमही राहिला, याहून जास्त सुख त्या माणसाला माहीतच नाही.

शेगड्या रुग्णालयात गेल्या. स्वयंपाकीणबाईने पहिल्याच दिवशी थाळी काढून कचऱ्यात टाकली आणि स्वयंपाकघर निवांत झालं. पोरी चक्क गाणी म्हणत भांडी घासायच्या. मी स्वतः ऐकलंय.

आणि मग भाऊजी फेरतपासणीला गेले. शिक्क्याची वस्तू जशी तपासली तशीच वापरली पाहिजे, असाही एक नियम आहे. दुसऱ्या एखाद्या तपासनिसाने घरी बसून फेरतपासणी उरकली असती. हे रुग्णालयाच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि वर बघितलं. एकाही धुराड्यातून धूर नाही! यांनी आत जाऊन प्रत्येक शेगडीत थाळी परत बसवायला लावली, गोणपाट स्वतः भिजवून घेतलं, आणि थाळी कोणी काढू नये म्हणून तारेने बांधून तिच्यावर शिशाचं सील लावलं. स्वयंपाकीणबाई हात जोडून म्हणाली, "साहेब, मरतील हो माझ्या पोरी." भाऊजी म्हणाले, "बाई, घाबरू नका. धूर बाहेर जातोय. मी बघितलाय." आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पंधरवड्यात रुग्णालयाने सगळ्या शेगड्या परत पाठवल्या. स्वयंपाकीणबाई स्वतः आली होती. रागाने नाही, ओशाळून. "ताई, धूर करणाऱ्या शेगड्या आमच्याकडे आधीपासून होत्याच की. त्या निदान कमी जागा खातात." शेडमध्ये शेगड्यांची रास लागली, प्रत्येकीवर झळझळीत शिक्का. शेडमधल्या बायकांना ताईने घरी पाठवलं. जाताना कोणी तिला बोल लावला नाही, हेच तिला जास्त लागलं. शेडची किल्ली मालकाला देऊन आम्ही दोघी घरी आलो.

संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले. ताईने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. वाढायचं काम सोडून मी सगळं बोलले. स्वयंपाकीणबाई काय म्हणाली, कोण कोण घरी बसलं, सगळं. ते खाली ताटाकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी खोटं काही लिहिलं नाही गं."

"नाहीच लिहिलंत," ताई म्हणाली. "ते मला माहीत आहे."

ओट्यावर ताईची ती पहिली शेगडी जळत होती, थाळी नसलेली, शिक्का नसलेली. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घास खाली ठेवला आणि उपरण्याने डोळे पुसले. पुन्हा भरले, पुन्हा पुसले. एरवी त्यांनी म्हटलं असतं, धूर गेला डोळ्यांत. पण त्या स्वयंपाकघरात धूर नव्हता.